हसायला रामसे, जपायला फक्त रे

२०२४ च्या सप्टेंबरात ‘तुंबाड’ परत थिएटरला लागला आणि २०१८ ला पहिल्यांदा आला होता तेव्हाच्या दुपटीहून जास्त गल्ला करून गेला. मस्तच झालं, तेव्हा ज्यांनी मोबाईलवर बघून हळहळ केली त्यांना मोठ्या पडद्यावर बघायला मिळाला. पण त्या दिवसांत ज्याच्या त्याच्या तोंडी कौतुकाची एकच पट्टी होती, "हा काय रामसे टाइप नाहीये हां, हा प्रॉपर सिनेमा आहे." इथे माझं डोकं सटकतं. कारण असं म्हणणाऱ्या बहुतेकांनी सत्तर-ऐंशीच्या दशकात स्वस्तातले भुताचे हिंदी पिक्चर काढणाऱ्या रामसे बंधूंचा एकही पिक्चर सलग, पाट्यांपासून शेवटपर्यंत बघितलेला नसतो, त्यांनी बघितलेल्या असतात त्या अर्ध्या मिनिटाच्या क्लिपा, ज्यात दाढीमिशीवाला आडदांड राक्षस दार फोडून आत येतो आणि खाली लोकांनी हसून लोळणारे चेहरे टाकलेले असतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर भांडायला सोपं. स्वस्तातला भुताचा पिक्चर, बी ग्रेड, सी ग्रेड, गावातल्या पोरांनी लग्नाच्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर केलेला पिक्चर, हे सगळं आपल्या सिनेमाच्या इतिहासात धरायचं का नाही हा नुसत्या आवडीनिवडीचा प्रश्न नाही, कारण पिक्चर जपायला सरकारी पैसा लागतो, थंड ठेवलेली गोदामं लागतात, आणि कुठली निगेटिव्ह आधी साफ करायची हे कुणीतरी बसून ठरवत असतं. माझ्या मते हे पिक्चर त्या यादीत असलेच पाहिजेत. आणि "इतका वाईट की मजा येते" म्हणून नाही. उलट तो जो हसण्याचा प्रकार आहे ना, तोच सगळ्यात जास्त आड येतोय, कारण ज्याला आपण जोक ठरवला तो कसा केला होता हे बघायची गरजच संपते.

आता रामसेंचंच घ्या. यांचा बाप फतेहचंद रामसिंघानी हा कराचीतला रेडिओवाला माणूस, फाळणीनंतर मुंबईत आला, लॅमिंग्टन रोडला पुन्हा दुकान टाकलं आणि पिक्चरचा नाद लागला. १९७० मध्ये ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ काढला, पृथ्वीराज कपूर आणि मुमताज असून आपटला. पण पोरांनी थिएटरात बसून एक गोष्ट हेरली, की पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करायला येतो त्या सीनला पब्लिक खुर्चीत ताठ बसतं, आणि काही लोक तर तेवढ्यासाठीच येतायत. मग सात भाऊ, कुमार, केशू, तुलसी, किरण, श्याम, गंगू, अर्जुन, यांनी कामं वाटून घेतली. कुणी लिहायचं, कुणी साउंड, गंगूनं कॅमेरा, अर्जुननं एडिटिंग, तुलसी आणि श्यामनं डायरेक्शन. फिल्म स्कूल वगैरे कुणी बघितलेलं नाही, जोसेफ मॅसेलीचं सिनेमॅटोग्राफीवरचं एक इंग्रजी पुस्तक समोर ठेवून आपले आपण शिकले. १९७२ चा ‘दो गज जमीन के नीचे’ त्यांनी महाबळेश्वरला जाऊन केला, सगळं युनिट बसमध्ये घालून नेलं, सरकारी गेस्ट हाउसात उतरवलं, स्वयंपाक घरच्या बायकांनी केला, आणि साधारण चाळीस दिवसांत साडेतीन लाखांच्या आसपास पिक्चर गुंडाळला. आता महाबळेश्वरच का, तर धुकं फुकट मिळतं. हे मी विनोदानं म्हणत नाहीये, कमी पैशातल्या पिक्चरचं अख्खं शास्त्र इथेच आहे, जे फुकट आहे ते शोधायचं आणि त्याच्याभोवती गोष्ट बांधायची. पुढे मुरुडचा नवाबाचा राजवाडा असाच वापरला, सेट लावायला पैसे नाहीत तर जिथे समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानं भिंती आधीच काळवंडल्यात तिथे कॅमेरा लावायचा.

आणि गंगू रामसेंचं लायटिंग. यावर आपल्याकडे मराठीत कुणी चार ओळी लिहिल्या असतील तर मला दाखवा. एका फ्रेममध्ये मागे निळा, बाजूनं लाल, आणि चेहऱ्यावर हिरवट, असे रंगीत कागद लावलेले लाइट, ज्याला कुठलंही कारण नाही, त्या खोलीत लाल दिवा कुठून आला असा प्रश्न पडायच्या आधीच आपण घाबरलेलो असतो. इटलीत मारिओ बाव्हानं हेच केलं तर जगभरचे सिनेमावाले त्याला मास्टर म्हणतात, आणि इथे गंगू रामसेंनी केलं तर ते भडक. भडक आहेच, पण त्या भडकपणामागे हिशोब आहे. राक्षसाचा मेकअप पांढऱ्या उजेडात पाच सेकंद टिकणार नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं, म्हणून अर्धा चेहरा अंधारात, अर्धा हिरव्यात, आणि कॅमेरा खालून. ‘पुराना मंदिर’मधला सैतान सामरी ज्यानं केला तो अनिरुद्ध अग्रवाल रुरकीचा शिकलेला सिव्हिल इंजिनियर, उंचच्या उंच माणूस, आणि त्याच्या मूळच्या चेहऱ्यावरच एवढं काम होण्यासारखं होतं की त्यांनी मुखवटा जवळजवळ टाळला. पैसे वाचले आणि जास्त भीतीदायक झालं. याला अक्कल म्हणतात.

‘पुराना मंदिर’ १९८४ चा, तुफान चालला. त्याची गोष्ट नीट बघा, हसायचं तर नंतर हसा. दोनशे वर्षांपूर्वी एका राजानं सामरी नावाच्या सैतानाचं मुंडकं उडवून पेटीत बंद केलं, धड वेगळीकडे पुरलं, आणि मरताना त्यानं शाप दिला की या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. म्हणून आजच्या ठाकूरला मुलीचं लग्नच नको आहे. मुलीला वाटतं पोरगा गरीब आहे म्हणून बाप नाही म्हणतोय, नेहमीचं हिंदी पिक्चरचं भांडण, आणि मग कळतं की बापाला पोरीच्या बाळंतपणाची भीती आहे. मला सांगा, १९८४ मध्ये हा पिक्चर जिथे सगळ्यात जोरात चालला त्या तालुक्याच्या गावांत, जिथे बाळंतपणात बाई गेली अशी एक तरी आठवण प्रत्येक घरात असायची, तिथल्या बाप्यांना आणि मागच्या रांगेत पदर तोंडात धरून बसलेल्या बायकांना ही गोष्ट कशी लागली असेल? शहरातल्या समीक्षकाला तिथे रबराचा राक्षस दिसला. मी असं म्हणत नाही की रामसेंनी बसून सामाजिक आशय वगैरे ठरवला असेल, त्यांना तिकीट विकायचं होतं, पण तिकीट विकणाऱ्या माणसाला लोकांच्या पोटात कुठे गोळा येतो हे कळावंच लागतं, आणि तेच तर भुताच्या पिक्चरचं काम आहे.

आता तिथून २०१७ च्या ‘लपाछपी’वर या. विशाल फुरियाचा मराठी पिक्चर, पूजा सावंत आणि उषा नाईक, उसाच्या फडात घडणारा, पोटातल्या मुली मारण्यावरचा. उसाच्या फडाला भूलभुलैया करायची कल्पनाच बघा ना, सेटचा खर्च शून्य, आणि पश्चिम महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला फडात शिरल्यावर दिशा हरवते ते वेगळं सांगावं लागत नाही. पुन्हा बाळंतपण, पुन्हा घराणं, पुन्हा पुरलेलं पाप वर येणं. आपल्याकडे किती जणांनी तो थिएटरात बघितला? त्याच दिग्दर्शकानं २०२१ मध्ये तो हिंदीत ‘छोरी’ म्हणून परत केला, मग ओटीटीवर देशभर चर्चा, आणि मराठी लोक एकमेकांना सांगतायत की अगं तो हिंदी पिक्चर बघ, मस्त आहे. हे असं होतं. ‘तुंबाड’मध्ये तरी काय आहे, वाडा, घराणं, आणि बापाकडून पोराकडे जाणारी हाव. तो नारायण धारपांच्या गोष्टीवरून सुचलेला, नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून, दिग्दर्शक राही अनिल बर्वे. म्हणजे ज्याला आपण रामसे टाइप नाही म्हणतो त्याची नाळसुद्धा लायब्ररीतल्या त्याच फाटक्या, पुठ्ठा सुटलेल्या भयकथांच्या पुस्तकांशी आहे जी आपण वाचली खरी, पण दिवाणखान्याच्या कपाटात पुढच्या रांगेत लावली नाही.

हा पांढरपेशा मराठी माणसाचा जुना खेळ आहे. धारप वाचायचे, पण साहित्य म्हटलं की दुसरीच नावं घ्यायची. मतकरींच्या गूढकथा वाचून रात्री दिवा लावून झोपायचं आणि भाषणात त्यांची नाटकं तेवढी सांगायची. दादा कोंडक्यांच्या बाबतीत वेगळं काय केलं आपण, गाणी पाठ आणि तोंडानं छी छी. ‘झपाटलेला’ १९९३ चा, आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या मराठी माणसाला तात्या विंचूचा मंत्र झोपेतून उठवून विचारला तरी येईल, पण तो पिक्चर म्हणजे आपल्यासाठी लक्ष्याची कॉमेडी. अरे हो, हॉलीवूडच्या ‘चाइल्ड्स प्ले’वरून उचललाय, कबूल. पण त्यात जो बाहुला आहे तो रामदास पाध्यांचा आहे, बोलक्या बाहुल्यांचा जो धंदा त्यांच्या वडिलांपासून घरात चालत आला, अर्धवटरावाला घेऊन गावोगाव कार्यक्रम करणारं घराणं, त्या परंपरेतून तो बाहुला आलाय. कॉम्प्युटरचं काही नसताना बाहुला चालतो, मान वळवतो, डोळे फिरवतो, खाटेखालून सुरी घेऊन येतो, हे कसं केलं, किती माणसं खाली लपली होती, तार कुठून घेतली, हे सगळं आज मराठीतल्या स्पेशल इफेक्टचा इतिहास म्हणून शिकवायला पाहिजे. शिकवतो का कुणी?

तिकडे अमेरिकेत काय झालं ते बघा, म्हणजे मी उगाच काही मागत नाहीये हे कळेल. १९६८ ला पिट्सबर्गमध्ये जाहिराती करणाऱ्या काही पोरांनी, जॉर्ज रोमेरो त्यांचा म्होरक्या, साधारण एक लाख चौदा हजार डॉलरात ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ केला. ब्लॅक अँड व्हाइट, रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप, आतडी कसायाकडून. ‘व्हरायटी’सारख्या पेपरानं झोडपून काढला. वर आणखी घोळ असा की शेवटच्या क्षणी पिक्चरचं नाव बदलताना कॉपीराइटची ओळच पडद्यावरून गळाली, त्यामुळे तो कायद्यानं कुणाचाच राहिला नाही, कुणीही प्रिंट काढावी, कुणीही टीव्हीवर लावावी, आणि खरकट्या कॉप्यांवर पिढ्या वाढल्या. त्याच पिक्चरला १९९९ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं राष्ट्रीय यादीत घेतलं आणि २०१६ ला न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्टच्या म्युझियमनं मूळ निगेटिव्हवरून नीट साफ करून दाखवला. साफ केल्यावर लोकांना कळलं की अरे, हा काय मळकट, हौशी पिक्चर नव्हता, प्रत्येक सावली विचार करून टाकलेली होती, मळकट कॉप्या होत्या. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. आपण यूट्यूबवर रामसेंचा ‘वीराना’ बघतो तो धुरकट, कडा कापलेला, कोपऱ्यात कुणाचातरी लोगो, आणि मग म्हणतो किती चीप दिसतं. ‘वीराना’ आणि ‘पुराना मंदिर’ स्वच्छ प्रिंटवरून डीव्हीडीवर आणायचं काम मोंडो मकाब्रो नावाच्या परदेशी कंपनीनं केलं, सोबत माहितीबिहिती लावून, आदरानं. आपण तेव्हा मीम बनवत होतो.

आपल्याकडे जपण्याचं काम होत नाही असं मात्र नाही. पुण्यात १९६४ पासून फिल्म अर्काइव्ह आहे, राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेला जवळपास सहाशे कोटी मंजूर झाले, मुंबईची फिल्म हेरिटेज फाउंडेशन जीव तोडून काम करते. पण मोठ्या कौतुकानं साफ होऊन कान्सला गेलेले आपले पिक्चर बघा, ‘थंप’, ‘इशानौ’, ‘मंथन’, ‘अरण्येर दिन रात्री’. सगळे अप्रतिम, एकाबद्दलही माझं वाकडं नाही. फक्त ही यादी वाचून शंभर वर्षांनी कुणी म्हणेल की भारतातले लोक सत्तर-ऐंशीच्या दशकात फक्त जी. अरविंदन आणि सत्यजित रे बघत होते. (रे स्वतः भुताच्या गोष्टी लिहायचे आणि ‘तीन कन्या’त ‘मणिहारा’सारखा गारठवणारा भाग करून गेले, त्यांना हे सोवळं कितपत पटलं असतं कुणास ठाऊक.) आणि आपल्याला हरवण्याचा अनुभव काही कमी नाही, तेराशेच्या वर मूकपट झाले या देशात आणि आज पूर्ण-अर्धवट मिळून तीसएक उरलेत. ते हरवले कारण तेव्हाच्या शहाण्या लोकांना ती टाइमपास करमणूक वाटत होती, चांदीसाठी फिल्म वितळवून विकली तरी कुणाला काही वाटलं नाही.

आता समोरून येणारं बोलणं मला माहितीये. एक, यातले बरेचसे पिक्चर बायकांच्या बाबतीत घाणेरडे आहेत. आहेत. आंघोळीचा सीन, फाटके कपडे, बलात्कार मसाला म्हणून टाकलेला, रामसेंपेक्षा त्यांच्या मागून आलेल्या सी ग्रेडवाल्यांनी तर कहर केला, वितरक मध्येच दुसरीच रिळं जोडून दाखवायचे. त्याशिवाय काळाकभिन्न माणूस म्हणजे सैतानाचा पुजारी, आदिवासी म्हणजे नरबळी, हे सगळं डोळ्यांत खुपतं आणि खुपलंच पाहिजे. पण जपणं म्हणजे हार घालणं नव्हे. बड्या बॅनरच्या पिक्चरमध्येही हेच होतं, फक्त चांगल्या कपड्यांत, आणि ते आपण जपतोच की. उलट या पिक्चरांत हा मामला उघडा आहे म्हणून अभ्यास करणाऱ्याला जास्त सापडतं. २०२३ मध्ये ‘सिनेमा मरते दम तक’ नावाची सिरीज आली, वासन बालांच्या टीमची, त्यात या जुन्या सी ग्रेडवाल्या दिग्दर्शकांना पुन्हा एकेक पिक्चर करायला दिला आणि बोलतं केलं, तेव्हा त्यातले सेन्सॉरचे, पैशाचे, शोषणाचे किस्से पहिल्यांदा असे समोर आले. हे काम अर्काइव्हनं करायचं होतं, ते एका ओटीटी कंपनीनं केलं.

दुसरं, सगळंच जपायचं म्हटलं तर पैसा कुठून आणणार. हा खरा अडचणीचा मुद्दा आहे आणि त्याला मी टोलवणार नाही. सगळंच साफ करता येत नाही. पण साफ करणं वेगळं आणि नष्ट होऊ न देणं वेगळं. निगेटिव्ह थंड जागी ठेवणं, एक बरी डिजिटल कॉपी काढून ठेवणं, हे साफ करण्याच्या मानानं पुष्कळ स्वस्त आहे. आणि निवड करायचीच तर "दर्जेदार" हा एकच निकष नको. आपल्या राज्य सरकारच्या मराठी पिक्चरच्या अनुदानातही दर्जेदार हाच शब्द आहे, कमिटी बसते, दर्जा लावते, आणि दर्जा म्हटलं की आपोआप सामाजिक विषय, चरित्रपट, गावातला गरीब मुलगा आणि त्याची शाळा. भुताचा पिक्चर करणाऱ्या पोरानं आधी त्यात संदेश घुसवायचा, मग कमिटीसमोर जायचं.

तिसरं म्हणजे सगळ्यात चलाख बोलणं, "अरे पण आम्ही प्रेमानंच हसतो." कांती शाहचा १९९८ चा ‘गुंडा’ बघा, डायलॉग पाठ असलेली इंजिनियरिंग कॉलेजची पोरं, हॉस्टेलवर स्क्रीनिंग, रेटिंग मुद्दाम दहापैकी दहा. मी पण हसलोय, ‘गुंडा’ला न हसणारा माणूस मला भेटायचा आहे. पण सगळं प्रेम तिथेच थांबतं. त्या पिक्चरचा कॅमेरामन कोण हे त्या पोरांपैकी एकाला विचारा. ज्याच्या कामावर दहा वर्षं हसलात त्याचं नावही माहीत नसेल तर ते प्रेम नाही, ती चैन आहे, वरच्या मजल्यावरून खाली बघण्याची.

मालेगावचं उदाहरण घेऊन थांबतो, कारण ते आपल्याच राज्यातलं आहे आणि त्यात घाई आहे. यंत्रमागांचं गाव, शुक्रवारी सुट्टी, पिक्चरचं भयंकर वेड. तिथल्या व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी २००० च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ केला, काही हजारांत. क्रेन नाही तर बैलगाडीच्या दांड्याला कॅमेरा, ट्रॉली नाही तर सायकल. मग सुपरमॅन केला, यंत्रमागावर राबणारा काटकुळा शफीक शेख त्यात सुपरमॅन, दम लागलेला, कारण मालेगावची हवाच तशी. आपण ज्याला विडंबन म्हणतो त्यात त्या गावाचा कापसाचा धुरळा, तंबाखू, गटारं सगळं आलंय. फैजा अहमद खान यांनी त्यावर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ ही डॉक्युमेंटरी केली म्हणून जगाला कळलं, आणि २०२५ ला रीमा कागतींचा मोठा हिंदी पिक्चरही आला. म्हणजे मालेगावच्या सिनेमावरचा सिनेमा नीट जपला जाणार, 4K मध्ये. आणि मालेगावचा मूळ सिनेमा? तो व्हिडिओ टेपवर. टेपवरचा लेप वीस-तीस वर्षांत सुटायला लागतो, बुरशी चढते, आणि चालवायला यंत्रं मिळेनाशी झालीत. त्या टेपा गोळा करून उतरवून घ्यायला कोट्यवधी लागत नाहीत, दोन माणसं, दुरुस्त केलेले दोनतीन व्हीसीआर आणि काही महिने लागतात.

तेव्हा पुण्या-मुंबईच्या फेस्टिवलवाल्यांना एवढीच विनंती, की एक सेक्शन याचा ठेवा, रात्री उशिराचा शो, तिकीट स्वस्त, जमलं तर चांगली प्रिंट. आणि पिक्चरच्या आधी दोन शब्द बोलायला कुणा स्टँडअपवाल्याला बोलावू नका. मेकअपवाल्याला बोलवा, साउंडवाल्याला बोलवा, नाहीतर बाहुल्याच्या पोटात हात घालून आठ तास वाकून बसलेल्या माणसाला बोलवा, आणि त्याला येण्याजाण्याचं भाडं आणि मानधन द्या.